लिनक्सवर घरचा हिशोब: कोणतं सॉफ्टवेअर धरावं?

नीराकाठ | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबले आणि आमचा जुना लॅपटॉप काही विंडोज ११ घेईना. दिवाळीला भाचा आला होता, त्याने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. मशीन पूर्वीपेक्षा चपळ चालतंय. ब्राउझर, लिब्रेऑफिस, प्रिंटर सगळं जमलं. गाडी अडलीय ती फक्त घरच्या हिशोबापाशी.

अकरा वर्षं मी विंडोजवरच्या एका प्रोग्रॅममध्ये हिशोब लिहीत होते. तो बनवणाऱ्यांनी केव्हाच बंद केला. त्याची फाइल त्याच्याशिवाय कशातच उघडत नाही. विंडोज पुसायच्या आधी भाच्याने त्यातून एक क्यूआयएफ फाइल (हिशोबाच्या नोंदी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची) काढून ठेवली, तेवढीच काय ती हाताशी आहे.

आता जे घेईन ते विचार करून घ्यायचंय, त्याचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांची लाल कापडी बांधणीची वही होती. रोजचा खर्च पुढून आणि ठेवी, विमा, उसनवारी मागून. शेवटून तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'पतसंस्था मुदत ठेव ७५,०००, पावती ज्ञानेश्वरीत.' पावती खरंच ज्ञानेश्वरीत सापडली. ती ठेव आईलाही माहीत नव्हती. वही कुणालाही उघडता आली, वाचता आली, म्हणून ते पैसे आईच्या हाती पडले. उद्या माझं काही झालं तर माझ्या नवऱ्याला माझी अकरा वर्षांची फाइल उघडताही आली नसती, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं.

आमचा पसारा फार नाही. दोन बचत खाती, एक क्रेडिट कार्ड, घराचं कर्ज, पीपीएफ, चार फंडांत एसआयपी, पतसंस्थेत आवर्त ठेव आणि शाळेतल्या बायकांची भिशी. खात्यांची नावं मराठीत लिहिता यायला हवीत. रक्कम १,५०,००० अशीच दिसली पाहिजे, १५०,००० वाचताना मी दर वेळी अडखळते. बँकेचा पासवर्ड कुठल्याही ॲपला द्यायचा नाही. आणि वेळ म्हणाल तर रविवारी सकाळचा अर्धा तास.

अनुभवी लोकांनी सांगा.

करवंद | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ताई, होमबँक घ्या. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच मिळेल. १९९५ पासून चालत आलेला प्रोग्रॅम आहे, फुकट आहे, अजून नव्या आवृत्त्या निघतात. खातं निवडा, तारीख, कुणाला दिले, कशासाठी, किती. झालं. मी सहा वर्षं वापरतेय. 'वाणी' लिहिलं की 'किराणा' हा वर्ग आपोआप लागतो, तसा नियम एकदा घालून ठेवता येतो. गाडीच्या पेट्रोलचा वेगळा अहवालही आहे, किलोमीटर टाकलेत तर ॲव्हरेज काढून देतो.

फाइल साध्या एक्सएमएलमध्ये असते, नोटपॅडसारख्या कशातही उघडून वाचता येते.

तेरीज | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

नीराकाठ, तुमच्या बाबांच्या वहीबद्दल वाचून फार बरं वाटलं. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवलं, तेव्हा माझं मत त्या बाजूला झुकणार हे आधीच सांगतो.

तुमच्यासाठी ग्नूकॅश. पहिली स्थिर आवृत्ती १९९८ ची, म्हणजे सत्तावीस वर्षं टिकलेला प्रोग्रॅम. तो दुहेरी नोंद पद्धतीवर चालतो. लोक या शब्दाला बिचकतात, पण आपल्याकडे किर्द आणि खतावणी लिहिणारा प्रत्येक जण हेच करत आला. पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला, दोन्ही टोकं लिहायची, बस. 'घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा' हे पाठ असायचीही गरज नाही. ग्नूकॅशमध्ये रकान्यांची नावं साध्या भाषेत ठेवता येतात, नावे-जमा हवं असेल तर सेटिंगमधून चालू करायचं.

दोन टोकांचा उपयोग कुठे होतो, ते तुमच्याच कर्जावर दाखवतो. समजा २० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, वीस वर्षं. हप्ता १७,३५६. खर्चाच्या साध्या ॲपमध्ये तुम्ही 'गृहकर्ज १७,३५६' एवढंच लिहिता. ग्नूकॅशमध्ये तीच नोंद तीन ओळींची होते:

बचत खात्यातून गेले १७,३५६
कर्जाचं व्याज (खर्च) १४,१६७
कर्ज (देणं कमी झालं) ३,१८९

पहिल्या वर्षात तुम्ही २ लाख ८ हजार भरता आणि मुद्दल जेमतेम ४० हजारांनी उतरतं, हे डोळ्यांसमोर येतं. माझ्या एका विद्यार्थ्याने हे पाहून दिवाळीचा बोनस टीव्हीत न घालता कर्जात भरला. दर महिन्याची ही फोड हाताने करावी लागत नाही, कर्जासाठी मदतनीस आहे, तो सगळे हप्ते लावून देतो.

पगाराच्या चिठ्ठीचंही तसंच. हातात आलेली रक्कम एका ओळीत, पीएफ वेगळा, व्यवसाय कर वेगळा. तो आपल्याकडे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो. फेब्रुवारीत शंभर रुपये कुठे गेले म्हणून डोकं खाजवावं लागत नाही.

लाखाचे स्वल्पविराम तो मशीनच्या प्रादेशिक मांडणीवरून घेतो. मिंटच्या भाषा-सेटिंगमध्ये प्रदेश 'भारत' ठेवा, १,५०,००० दिसेल. खात्यांची नावं देवनागरीत बिनधास्त लिहा. मेनूसुद्धा मराठीत येतात, कोकणीतही येतात. मात्र नव्या आवृत्त्यांतले काही भाग इंग्रजीतच दिसतील.

साधामजकूर | १० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

तेरीज सरांशी दुहेरी नोंदीबद्दल शंभर टक्के सहमत. प्रोग्रॅमबद्दल मात्र माझी शिफारस वेगळी. मी हिशोब साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितो आणि एचलेजर नावाचा प्रोग्रॅम त्यावरून ताळेबंद काढतो. नोंद अशी दिसते:

२०२५-११-०८ वाणी
    खर्च:किराणा    ₹८४०
    मालमत्ता:बँक:पगाराचं खातं

शेवटच्या ओळीची रक्कम लिहायची नाही, ती तो स्वतः काढतो. (इथे वाचायला म्हणून मराठी आकडे दिलेत, प्रत्यक्ष फाइलीत तारीख आणि रक्कम इंग्रजी आकड्यांतच टाकायची.) खात्याचं नाव आणि रक्कम यांच्यात किमान दोन जागा सोडाव्या लागतात. पहिल्या आठवड्यात सगळेच तिथे ठेचकाळतात. रुपयाचा नमुना १,००,००,०००.०० असा एकदा सांगून ठेवला की अहवालही लाख-कोटीत येतात.

ही तऱ्हा २००३ मध्ये लेजर नावाच्या प्रोग्रॅमने रुळवली. एचलेजर २००७ चा, बीनकाउंट त्यानंतरचा. उद्या हे तिन्ही बंद पडले तरी फाइल वाचायला काहीच लागत नाही. तुमच्या बाबांच्या वहीच्या सगळ्यात जवळचं हेच आहे.

एक उणीव आहे. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) देवनागरी नावांमुळे रकाने सरळ रेषेत येत नाहीत, काना-मात्रांची रुंदी तो नीट मोजत नाही. मी अहवाल ब्राउझरमध्ये पाहतो, तिथे ठीक दिसतं.

करवंद | १० नोव्हेंबर, दुपारी १:१०

पण ताईंच्या यजमानांनी टर्मिनल उघडायचं का? प्रश्न तोच आहे ना?

साधामजकूर | १० नोव्हेंबर, दुपारी १:२५

फाइल वाचायला टर्मिनल लागत नाही, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. पण बेरजा बघायला लागतं, हे मान्य. ज्या घरात दुसऱ्या माणसाला टर्मिनलची सवय नाही तिथे मी आग्रह धरणार नाही.

नीराकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. होमबँक आणि ग्नूकॅश दोन्ही टाकून पाहिले. होमबँक दहा मिनिटांत कळलं. ग्नूकॅशने सुरुवातीलाच खात्यांचं झाड मांडून दिलं, त्यात थोडी हरवले.

तेरीज सर, भिशीचं काय करायचं? बारा जणी, महिना दोन हजार. होमबँकमध्ये मी तो 'खर्च' धरला, पण तो खर्च नाहीच. आणि माझा नंबर पाचव्या महिन्यात लागला, तेव्हा आलेले चोवीस हजार 'उत्पन्न' म्हणून लिहिले तर त्या महिन्यात मी एकदम श्रीमंत दिसते.

तेरीज | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

हा प्रश्न मी वर्गात विचारायचो. उत्तर असं की भिशीचं एकच खातं काढा, मालमत्तेखाली. दर महिन्याला बँकेतून त्यात दोन हजार. पाच महिन्यांनी त्यात दहा हजार शिल्लक दिसेल, म्हणजे भिशीकडे तुमचे दहा हजार येणे आहेत. चोवीस हजार मिळाले की ते भिशी खात्यातून बँकेत. आता भिशी खातं उणे चौदा हजार दाखवेल. येणं होतं त्याचं देणं झालं. पुढचे सात महिने दोन-दोन हजार भरलेत की बाराव्या महिन्यात बरोबर शून्य. खर्चाला हात नाही, उत्पन्नाला हात नाही.

शून्य आलं नाही तर कुठला तरी हप्ता लिहायचा राहिलाय, हेही तिथेच कळतं.

होमबँकमध्येही भिशीचं वेगळं खातं काढून 'हस्तांतर' केलं तर एवढं जमतं, करवंद यांच्यावर अन्याय नको. फरक पडतो तो फंडांपाशी. होमबँकमध्ये युनिट आणि एनएव्ही (एका युनिटचा भाव) यांची सोय नाही.

पैलतीर | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

म्युनिकहून लिहितोय. केमायमनीचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून आलो. २००० साली सुरू झालेला, केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपवाल्या मंडळींचा प्रोग्रॅम. आतून दुहेरी नोंद, पण तुमच्यासमोर 'खाती' आणि 'वर्ग' अशी सोपी मांडणी. ग्नूकॅश आणि होमबँक यांच्या मधलं काहीतरी म्हणा. अंदाजपत्रक मांडायची सोय मला यात जास्त आवडली. फाइलला थेट जीपीजीचं (फाइल सांकेतिक करणाऱ्या प्रोग्रॅमचं) कुलूपही लावता येतं.

माझ्याकडे युरो आणि रुपये दोन्ही. इथला पगार, पुण्यातलं एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं, आईबाबांच्या औषधांसाठी पाठवलेले पैसे. दोन चलनांचे व्यवहार यात सरळ होतात, त्या दिवसाचा दर विचारतो आणि लक्षात ठेवतो. इथल्या बँका एफआयएनटीएस नावाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात, त्यामुळे जर्मन खात्याचे व्यवहार थेट प्रोग्रॅममध्ये उतरतात. ग्नूकॅशमध्येही ती सोय आहे. पुण्याच्या खात्याचं स्टेटमेंट मात्र मी अजून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) काढूनच भरतो. भारतात आरबीआयची अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था (आपल्या संमतीने खात्याची माहिती दुसऱ्या संस्थेला देणारी) २०२१ पासून चालू आहे, पण ती नोंदणीकृत संस्थांसाठी, आपल्या घरच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमला तिथे जागा नाही.

आणखी एक. केमायमनी ग्नूकॅशची फाइल वाचतो, ग्नूकॅश केमायमनीची वाचत नाही. तेव्हा दोहोंत मन अडकलं असेल तर आधी ग्नूकॅश वापरून पाहा, परतीची वाट उघडी राहते.

सोनचाफा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०५

मला एक कळत नाही. तुम्ही सगळे रविवारी बसून लिहिता, पण दहा रुपयांचा चहा, वीस रुपयांची कोथिंबीर, रिक्षा, सगळं यूपीआयने. दिवसाला सात-आठ. ते रविवारपर्यंत लक्षात कसं राहतं? मी मनी मॅनेजर ईएक्स वापरते ते यासाठीच. लिनक्सवर चालतं आणि त्याचं अँड्रॉइड ॲपही आहे. दोन्हीकडे एसक्यूलाइटची (छोट्या डेटाबेसची) तीच फाइल. चहा पिता पिता नोंद.

तेरीज | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:००

दहा-वीस रुपयांचे व्यवहार एकेक लिहू नका. पूर्वी घराघरांत 'किरकोळ' नावाचा डबा असायचा. महिन्याच्या एक तारखेला दोन हजार एका वेगळ्या छोट्या खात्यात टाका, यूपीआय त्याला जोडा, आणि महिन्याअखेरीस जे उडालं ते 'किरकोळ' या एका ओळीत लिहा. कोथिंबिरीचा वार्षिक हिशोब कुणाला हवाय? मोठे आकडे चुकता कामा नयेत.

सोनचाफा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

सर, आदर ठेवून असहमत. माझ्या घरी त्या 'किरकोळ'मध्येच महिन्याचे सहा हजार जात होते. एकेक नोंद केली तेव्हा कळलं की त्यातले साडेतीन हजार ऑफिसमधून मागवलेल्या खाण्याचे. एका ओळीत लिहिलं असतं तर मला ते आयुष्यात दिसलं नसतं.

तेरीज | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

मान्य. निदान एक वर्ष तरी एकेक लिहावं, हे तुमचं बरोबर आहे. डब्यात काय जातंय ते कळल्यावर मग डबा करावा.

वहीखातं | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

दोन मशीनवर एकच फाइल ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. मी ग्नूकॅशची फाइल दोन लॅपटॉपवर सिंक करून ठेवली होती. घरचा उघडाच राहिला, ऑफिसला जाऊन दुसऱ्यावर उघडली. ग्नूकॅशने 'ही फाइल दुसरीकडे उघडी दिसते' असं स्पष्ट विचारलं होतं, मी घाईत 'तरीही उघडा' दाबलं. संध्याकाळी घरच्या मशीनवर जतन केलं आणि दिवसभराच्या नोंदी पुसल्या गेल्या. एप्रिल महिना होता, विवरणपत्राची तयारी चालू होती, पोटात गोळा आला.

वाचलो ते त्याच्या लॉग फाइलींमुळे. मूळ फाइलशेजारी तारीख-वेळ लिहिलेल्या कितीतरी फाइली साठतात, लोक त्या कचरा समजून उडवतात. त्यातली एक दर वेळी जतन करताना मागे ठेवलेली जुनी प्रत असते आणि शेवटी 'लॉग' असलेली त्या बैठकीतल्या नोंदींची यादी असते. आयात मेनूमधून ती लॉग पुन्हा चालवली आणि गेलेल्या सगळ्या नोंदी परत आल्या. तेव्हापासून नियम: फाइल एकाच मशीनवर, दुसरीकडे फक्त प्रत.

शिवाय ग्नूकॅशच्या फाइलला स्वतःचं कुलूप नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर सगळा संसार उघडा. लिनक्स टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट करून घ्या.

नीराकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

वहीखातं, बरं झालं लिहिलंत, मी त्या फाइली कालच 'पसारा' म्हणून निवडून ठेवल्या होत्या, पुसणारच होते.

जुन्या क्यूआयएफचं काय करू? अकरा वर्षांच्या नोंदी आहेत, टाकवत नाहीत.

तेरीज | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

टाकू नका, पण नव्या वहीत ओतूही नका. क्यूआयएफ हा जुना साचा, त्यात चलन नोंदलेलं नसतं आणि ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे हेही संदिग्ध. ग्नूकॅश आयातीच्या वेळी विचारतो, तिथे दिवस-महिना-वर्ष निवडा. अकरा वर्षांचं एक वेगळं पुस्तक करा, फक्त पाहण्यासाठी.

नवं पुस्तक १ एप्रिल २०२५ पासून धरा. त्या दिवशीच्या शिलका पासबुकांवरून 'आरंभीची शिल्लक' म्हणून लिहा आणि तिथून पुढे चाला. सात महिने भरायला दोन-तीन रविवार जातील, पण मार्चअखेरीस व्याज, टीडीएस, पीपीएफ सगळं एका आर्थिक वर्षाचं पूर्ण मिळेल. सेटिंगमध्ये हिशोबाचा काळ १ एप्रिल ते ३१ मार्च करून घ्या, नाहीतर अहवाल जानेवारीपासून काढतो.

साधामजकूर | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

सात महिन्यांचं स्टेटमेंट आयात करणार असाल तर हे आधी करा, माझे कित्येक तास यात गेलेत.

बँकेच्या सीएसव्हीत वर दहा-पंधरा ओळी पत्ता, शाखा वगैरे असतात. ग्नूकॅशच्या आयातीत 'सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडा' असा रकाना आहे. तारखेचा साचा निवडा, रकाने लावा आणि ती मांडणी नाव देऊन जतन करा. पुढच्या वेळी एका टिचकीत लागते.

खरी मेख यूपीआयच्या वर्णनात. ग्नूकॅश तुमच्या जुन्या नोंदींवरून शिकतो, 'हे वर्णन दिसलं की किराणा' असा अंदाज बांधतो. पण शिकतो शब्द तोडून, आणि शब्द तोडतो मोकळ्या जागेवर. आपल्या बँका मात्र यूपीआय, लांबलचक क्रमांक, दुकानाचं नाव, बँकेचं नाव सगळं तिरक्या रेघांनी किंवा जोडरेघांनी चिकटवून एकच शब्द करतात. क्रमांक दर वेळी नवा, म्हणून त्याच्या लेखी ते दर वेळी नवंच वर्णन. आयात करण्यापूर्वी फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडून वर्णनाच्या रकान्यात त्या रेघांच्या जागी मोकळी जागा भरा. शोधा-आणि-बदला, दोनदा. दुकानाचं नाव सुटं झालं की दोन-तीन आयातींत तो बरोबर ओळखू लागतो.

करवंद | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

हे सोन्यासारखं आहे, धन्यवाद! वाचनखूण साठवली.

पैलतीर | १३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

एसआयपीच्या नोंदीत पंचवीस पैशांची चूक येत राहील, तेव्हा घाबरू नका. जुलै २०२० पासून फंड खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. पाच हजार गेले तर युनिट ४,९९९.७५ चेच मिळतात. पंचवीस पैसे 'मुद्रांक शुल्क' म्हणून वेगळ्या ओळीत टाका, युनिटची संख्या फंडाच्या स्टेटमेंटशी तंतोतंत जुळेल.

रोजची एनएव्ही हाताने भरायची नाही. ग्नूकॅशसोबत फायनान्स-कोट नावाचा जोडीदार प्रोग्रॅम चालतो, त्यात भारतीय फंडांसाठी ॲम्फीचा (म्युच्युअल फंडांच्या संघटनेचा) स्रोत आहे. प्रत्येक फंडाला ॲम्फीचा योजना क्रमांक द्या आणि 'भाव आणा' दाबा. बँकेचा किंवा फंडाचा कुठलाही पासवर्ड लागत नाही.

नीराकाठ | ११ जानेवारी २०२६, सकाळी ११:२०

दोन महिने झाले, सांगायला हवं.

ग्नूकॅश धरलं. पहिले तीन रविवार अर्ध्या तासाचे दोन-दोन तास झाले, आता पुन्हा अर्ध्या तासावर आलेय. साधामजकूर यांची रेघांची युक्ती नसती तर मी डिसेंबरमध्येच सोडलं असतं. आता दूधवाला, वाणी, गॅस, मुलीची शिकवणी आपोआप जागेवर बसतात. भिशी खात्यात आज उणे दहा हजार आहे, म्हणजे पाच हप्ते राहिले, आणि ते बरोबर आहे.

एक सापडलं. पासबुकाशी ताळा करताना पतसंस्थेची आवर्त ठेव दोन हजारांनी कमी येत होती. मी धरून चालले की माझंच काही चुकलं असेल. पण बँकेतून ऑगस्टचा हप्ता गेलेला आणि पासबुकात ऑगस्टची ओळच नाही. पासबुक आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन गेले, तिथल्या बाईंनी खातं पाहिलं, रक्कम दुसऱ्या सभासदाच्या खात्यावर पडली होती. त्याच दिवशी दुरुस्त करून दिलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये मी हप्ता 'खर्च' म्हणून लिहायचे, मला हे कधीच कळलं नसतं.

आणि ज्यासाठी धागा काढला होता ते. गेल्या रविवारी मी मुद्दाम स्वयंपाकघरात राहिले आणि नवऱ्याला म्हटलं, मी नाही असं समजून आपल्या सगळ्या ठेवी शोधून दाखव. कपाटात एका पाकिटात एक कागद ठेवलाय. त्यावर लॅपटॉपचा पासवर्ड, फाइल कुठे आहे, प्रत असलेला पेन ड्राइव्ह कुठे आहे, एवढंच. त्याने फाइल उघडली, 'मालमत्ता'वर टिचकी मारली आणि एकेक वाचत गेला. वीस मिनिटं लागली. विम्याच्या पॉलिसीचा कागद कुठे आहे ते मात्र त्याला सापडेना, कारण मी ते लिहिलंच नव्हतं. आता प्रत्येक खात्याच्या 'टिपा' या रकान्यात कागदाची जागा लिहिलीय.

शिवारफेरी | ११ जानेवारी, दुपारी २:०५

ताई, मी आजच मिंट टाकलंय. तुमचं खात्यांचं झाड इथे द्याल का? रकमा नकोत, फक्त नावं. ते तयार साच्यातलं झाड फारच परकं वाटतंय.

नीराकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:३०

देते की. टिपांसकट देते, म्हणजे कशी लिहिलीत ते कळेल. खर्चाचे वर्ग तुमच्या घराप्रमाणे करा.

मालमत्ता
– पगाराचं खातं (पासबुक: टेबलाचा खण)
– घरखर्चाचं खातं (पासबुक: टेबलाचा खण)
– पीपीएफ (पासबुक: लोखंडी कपाट, निळी फाइल. भरणा महिन्याच्या ५ तारखेच्या आत, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज जातं)
– आवर्त ठेव, पतसंस्था (नॉमिनी: मुलगी)
– फंड, चार वेगळी खाती (दरमहाचं एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर येतं)
– भिशी (यादी आणि नंबर: शाळेच्या डायरीचं शेवटचं पान)
– आईची ठेव (पैसे आपले नाहीत, फक्त आठवणीसाठी नोंद. पावती ज्ञानेश्वरीत)

देणी
– क्रेडिट कार्ड
– गृहकर्ज (करारनामा: बँकेकडे. त्याची झेरॉक्स: निळी फाइल)

उत्पन्न
– पगार, दोघांचे वेगळे
– व्याज (बचत आणि ठेव वेगळं ठेवा, विवरणपत्रात वेगळं लागतं)

खर्च
– किराणा, दूध, भाजी
– मुलगी: शाळा, शिकवणी
– औषधं
– कर्जाचं व्याज
– व्यवसाय कर
– मुद्रांक शुल्क
– बाहेरचं खाणं (सोनचाफा यांच्यामुळे वेगळं केलं)
– किरकोळ

आईची ठेव आमच्या निव्वळ संपत्तीत (मालमत्ता वजा देणी) धरली जाऊ नये म्हणून तिच्यासमोर देण्यांत 'आईचे' असं खातं आहे, तेवढ्याच रकमेचं. ते वर लिहायचं राहिलं.